एका हाताची शपथ

महांतप्पाने बाटली खिडकीतल्या उजेडात धरली आणि पुन्हा नीट पाहिली. तेजाब कागदाच्या पट्टीच्या दोन बोटं खाली होतं.

बाटल्यांवरची नावं उर्दूत होती आणि महांतप्पाला कुठलीच अक्षरं येत नव्हती. हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून त्याने एकवीस वर्षं वासावर, रंगावर आणि वजनावर काढली होती. प्रत्येक प्रयोगानंतर बाटलीत जेवढं उरेल, तिथे तो डिंकाने पट्टी चिकटवी. ही पट्टी गुरुवारची. आज शनिवार. मधे प्रयोग झाला नव्हता, आणि तेजाब काही हवेत उडून जात नाही.

साल सत्तेचाळीस. इंग्रज गेले होते, पण धाराशिवात निजामाचा अंमल तसाच होता, आणि हायस्कुलातल्या निम्म्या मुलांनी वर्गांवर बहिष्कार टाकला होता. सोमवारी परीक्षा. जो बसेल त्याचं तोंड त्याच्या आईलाही ओळखू येणार नाही, असं कुणीतरी फाटकावर कोळशाने लिहिलं होतं. महांतप्पाने ते एका मुलाकडून वाचून घेतलं होतं.

तो हेडमास्तरांकडे गेला. ते हैदराबादचे, सज्जन गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चोराचं नाव विचारलं. नाव मिळालं तर ठाण्यात कळवायचं, असा वरून हुकूम होता. नाव नसेल तर परीक्षा ठरल्याप्रमाणे होणार होती. महांतप्पाजवळ तेव्हा नाव नव्हतं.

ते त्याला दुपारी मिळालं. सुती कापडावर तेजाबाचा थेंब उडाला तर लगेच कळत नाही. कापड धुतलं की भोकं पडतात. हायस्कुलाच्या बोर्डिंगच्या दोरीवर बहिष्कारातल्या बब्रुवानचं धोतर वाळत होतं. त्याला मोहरीएवढी सात भोकं होती.

बब्रुवान अणदूरचा, महांतप्पाच्याच गावचा. बोर्डिंगात त्याला जागा मिळवून दिली ती महांतप्पानेच. आणि गेल्या महिन्यात ठाण्यात मार खाऊन सुटलेल्या या पोराला अजून एका कानाने ऐकू येत नव्हतं. महांतप्पा हेडमास्तरांकडे परत गेला नाही. तो बब्रुवानच्या खोलीत गेला.

"धोतराला उंदरं लागली का रं, पोरा?"

बब्रुवान हसला. मग त्याने उठून दार लोटलं. "मामा, साहेबाला सांगितलं?"

"न्हाय."

"मग नगा सांगू. नुसतं भेव दावायचं हाय."

परीक्षेला बसणाऱ्यांत सास्तूरचा सोमलिंग होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. बाकीचे मागे हटले तरी तो हटणार नव्हता.

"त्याचा बाप मेंढरं राखतोय," महांतप्पा म्हणाला. "घरात पयलंच पोर शिकतंय."

"माझा बापबी मेंढरंच राखतोय, मामा. म्हणून काय जलमभर निजामाचं पेपर लिवायचं?"

 महांतप्पाने कमरेच्या पिशवीतून खंडोबाचा भंडारा काढला, अंगणातल्या बेलाचं पान तोडून आणलं आणि दोन्ही बब्रुवानसमोर ठेवलं. बेलभंडारा उचलून अणदूरचा माणूस खोटं बोलत नाही. बब्रुवानने तो उचलला आणि म्हणाला, "सोमलिंगावर म्या हात टाकणार न्हाय."

त्या रात्री महांतप्पा पोटभर जेवला. तरी सोमवारी सकाळी त्याने फाटकाशी चार घागरी पाणी भरून ठेवलं. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

सोमलिंग दौत सांभाळत आला. बब्रुवान समोरच्या लिंबाखाली हाताची घडी घालून उभा होता. त्याने शपथ पाळली. तेजाब भिंतीआडून आलं, दुसऱ्याच कुणाच्या हातून. शनिवारी ते बब्रुवानजवळ उरलंच नव्हतं. महांतप्पाने त्याच्याकडून शपथ घेतली. चोरलेलं तेजाब कुठे आहे, ते विचारलं नाही.

सोमलिंग तोंड धरून खाली बसला. कुणी उपरण्याने पुसायला धावलं, कुणी गोडंतेल आणा म्हणालं. महांतप्पाने सगळ्यांना ढकलून दिलं. थोड्या पाण्याने तेजाब आणखी भाजतं, भरपूर पाण्यापुढे हरतं. त्याने चारही घागरी पोराच्या तोंडावर धार धरून ओतल्या आणि पुन्हा आडाकडे धावला. आडावर बब्रुवान उभा होता. तो पाणी शेंदून देऊ लागला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, डावा डोळा गेला. उजवा वाचला तो पाण्याने.

तिसऱ्या दिवशी दुपारी सोमलिंगचा बाप शिवप्पा सास्तूरहून चालत आला. पोराला पाहून तो बाहेर व्हरांड्यात आला, घोंगडी अंथरली आणि महांतप्पाला हाताला धरून तिच्यावर बसवलं. फडक्यातली भाकरी मोडून अर्धी त्याच्या हातात दिली. "अण्णा, तुमी नसता तर पोरगं दोन्ही डोळ्यांनी गेलं असतं," म्हणून तो पायाशी वाकला.

महांतप्पाने त्याला वाकू दिलं नाही. "मला शनिवारीच ठाव होतं," तो म्हणाला, आणि पट्टी, धोतर, बेलभंडारा, सगळं सांगितलं. नाव तेवढं घेतलं नाही.

शिवप्पाने नाव विचारलंही नाही. 

"माझ्या पोराला का न्हाय सांगितलं?" त्याने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "त्यो त्या दिशी घरी आला असता."

महांतप्पाने हेडमास्तरांचा विचार केला होता, ठाण्याचा केला होता, बब्रुवानच्या कानाचा केला होता. सोमलिंगला सांगावं, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं.

तो घोंगडीवरून उठला आणि दोन हात पलीकडे नुसत्या फरशीवर जाऊन बसला. अर्धी भाकरी हातात तशीच होती. शिवप्पाने त्याला परत बोलावलं नाही. जा, असंही म्हटलं नाही.