फुगलेले दार आणि मिस्त्रीचे तोंड

एकोणीसशे शहाऐंशी सालच्या हिवाळ्यात एका सुताराने मला घडवले. मी रंधा बोलतोय. शिसवी अंग, पोलादी पाते. जन्मभर लाकूड तासले आणि माणसे पाहिली. लाकूड बरे.

सुतार गेला, मी त्याच्या मुलाकडे आलो. त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. हात सोन्याचा, डोक्यात भुसा. ओठांत खिळे, गालात सुपारी. तोंड आहे की हत्यारांची पेटी?

"थुंक ते आधी!" थोरली बहीण ओरडायची.

"ताई, तंबाखू थोडीच आहे? नुसती सुपारी. झाडाचं फळ!"

जणू झाडाला लागते ते सगळे गालात कोंबायचेच असते.

मग साधा घासही तोंडात झोंबू लागला. गाल आतून पांढरे पडले, ताठ झाले. शिट्टी वाजेना. पुढे चमचा जाईना, उपाशी अंगात कामाचे बळ उरेना. ताईने मागच्या दारासाठी दिलेले लाकूड दुकानात तसेच पडून राहिले. दाराच्या जागी पोते टांगून ती या बहाद्दराला पातळ केलेले अन्न भरवत बसली.

आणि याने काय केले? पाचर तासली, दातांत घातली, तळहाताने ठोकली. दाढेचा टवका उडाला, तोंड रक्ताने भरले, फट होती तेवढीच. पावसात फुगलेले दार हा कधी ठोकत नाही. मला घेऊन थोडे थोडे तासतो, लावून बघतो, पुन्हा तासतो. दाराला एवढा मान. स्वतःच्या तोंडाला पाचर!

ताईने त्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेले. मी खांद्यावरच्या पिशवीत होतो.

"तीन बोटं उभी आत जायला हवीत," बाई म्हणाल्या. "तुमचं एक जात नाही. तंबाखू नसली तरी नुसत्या सुपारीनं हे होतं. गालाच्या आत दोरखंडासारखे पट्टे तयार झालेत."

"सुपारी कमी करतो."

"कमी नाही, बंद! यातून कॅन्सर होऊ शकतो. मी गालात इंजेक्शनं देईन. तुम्ही रोज दातांत लाकडी पट्ट्या धरायच्या, सावकाश एकेक वाढवायची. जोर नाही. सगळं पहिल्यासारखं होणार नाही, आणि तपासणी चुकवायची नाही."

पट्ट्या मीच तासल्या, काचेसारख्या गुळगुळीत. त्या दातांत धरून मिस्त्री डोळ्यांत पाणी आणून बसायचा. मला दया आली नाही. हात सवयीने खिशाकडे जायचा. खिसा ताईने शिवून टाकला होता.

कित्येक महिन्यांनी दोन बोटे आत गेली. तिसरे आजही जात नाही.

त्या दिवशी त्याने ताईचे लाकूड बाहेर काढले, मला हातात घेतले. दार बसवले. ताईने ते उघडले, लावले, पुन्हा उघडले. मग ताटातला एक घास उचलला, पातळ न करता.

"आ कर."

त्याने केला. घास आत गेला. ताईने पोते काढून घडी घातली.

देणे फिटले.