उरलेले दहा शेक

मयुरी थूल बोलायला उभी राहिली की तिला खाली बसवणं कठीण, हे बोरगाव मेघेतल्या वस्तीला पक्कं ठाऊक होतं. वर्ध्याच्या एका ज्युनियर कॉलेजात ती फिजिक्स शिकवायची आणि घरी चहा उकळतानासुद्धा वाफेचं कारण सांगायची. तिची आई कांताबाई म्हणायची, "अवं, चहा दे आधी, मंग शिकवजो." पण म्हणताना तिचा चेहरा असा फुलायचा की पोरीनं अजून चार वाक्यं बोलावीत, असंच तिच्या मनात असावं. कांताबाई चौथी शिकलेली, लेक एम.एस्सी. झालेली. त्या माउलीला जगाकडून आणखी काही नको होतं.

तर त्या साली वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं त्या दिवसांत, मोबाइलवर एक व्हिडिओ फिरायला लागला. परदेशात जमिनीखाली सत्तावीस किलोमीटरचं गोल मशीन आहे, त्यात बारीक कण पळवून एकमेकांवर आदळवतात, आणि येत्या सतरा तारखेला ते इतक्या जोरात आदळणार की तिथं एक भोक पडेल आणि ते भोक अख्खी पृथ्वी गिळून टाकेल. वर लाल अक्षरं, मागे भयाण संगीत. झालं! दोन दिवसांत वस्ती हवालदिल. शेजारच्या अन्नपूर्णानं मुलीला शाळेत पाठवणं बंद केलं. मरायचंच आहे तर एका जागी मरू, म्हणाली. शेवटी विहारात वाचन करणारे नानाजी, सत्तरीतले रिटायर्ड पोस्टमास्तर, मयुरीच्या दारात आले.

"पोरी, रविवारी तू बोल. ग्रंथ मी वाचतो, पण हे काई मले समजावता येत नाई."

मयुरी बोलली. आणि काय बोलली! वरून, आभाळातून, त्या मशीनमधल्याहून जोरदार कण कोट्यवधी वर्षं पृथ्वीवर आदळत आहेत, ती म्हणाली. पृथ्वी जागच्या जागी आहे. त्यांच्यातून निघालेले कितीतरी बारीक कण आत्ता, या क्षणी, तुमच्याआमच्या अंगातून आरपार जात आहेत. कुणाला काही झालं? "आणि कण पळवायचं मशीन पाहायला परदेशात कशाला जाता?" ती हसत म्हणाली. "आपल्या वर्ध्याच्या दवाखान्यात आहे की! त्या मोठ्या मशीनची धाकटी बहीणच समजा. रोज माणसं तिच्याखाली झोपतात आणि घरी जाऊन वरणभात खातात. कुणी सांगितलं म्हणून मानू नका. मी सांगते म्हणूनसुद्धा मानू नका. स्वतः तपासा." बायकांनी टाळ्या वाजवल्या. अन्नपूर्णा तर डोळे पुसत म्हणाली, उद्याच पोरीले शाळेत धाडतो.

पुढच्या रांगेत पांढऱ्या लुगड्यात कांताबाई बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. मयुरीनं ते पाहिलं, पण आईला थकवा असेल असं तिला वाटलं.

थकवा असणारच होता. कांताबाईला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता. वेळेत सापडला, पंचवीस शेक घेतले की निभावेल, असं डॉक्टर म्हणाले होते. शेक म्हणजे रेडिएशन. दवाखान्यात सगळे शेकच म्हणतात. शनिवार-रविवार सोडून रोज एक. तिच्या पोटावर रंगानं रेघा मारल्या होत्या; त्या पुसू नयेत म्हणून ती आंघोळीला साबण लावत नव्हती. पंधरा झाले होते, दहा उरले होते. सुरुवातीला मयुरी सोबत जायची, पण कॉलेजात रजा किती मागणार? मग कांताबाईच म्हणाली, "मी काय लहान हाव? ऑटोनं जाईन, ऑटोनं येईन." घरात भावजय रोशनी होती, पण तिच्या हातात चार महिन्यांचं बाळ. भाऊ रत्नदीप पुण्याला कंपनीत.

सतरा तारीख आली आणि गेली. अठराला सकाळी अन्नपूर्णानं अंगणात सडा टाकला, दूधवाला भांडून गेला, आणि वस्ती ते भोक विसरूनही गेली. मयुरीनं वर्गात जाऊन पोरांना ती गंमत रंगवून सांगितली. आपल्या बोलण्यानं चारशे माणसांची भीती गेली, याची तिला आतून गुदगुली होत होती, खोटं कशाला बोला.

घरात मात्र काहीतरी बिनसलं होतं. नातवाला मांडीवरून खाली न ठेवणारी कांताबाई आता त्याला घेत नव्हती. तो रडला तर लांबून टिचक्या वाजवायची, पण हात लावायची नाही. तिनं आपली वळकटी समोरच्या खोलीत नेली. लुगडी वेगळी धुवायला लागली. रोशनी एकदा बाळाला तिच्याकडे देऊ लागली, तर ती मागे सरकून म्हणाली, "माह्या हातात ताकद नाई, माय." मयुरीला ते खरं वाटलं. शेकांचा त्रास होतो, होईल कमी, दोनच तर उरलेत, असा हिशेब तिनं केला. शुक्रवारी पंचविसावा झाला की वस्तीत खीर वाटायची, असंही ठरवून टाकलं.

बुधवारी अकरा वाजता स्टाफरूममध्ये फोन आला.

"कांताबाई थूल यांची मुलगी का? दवाखान्यातून बोलते. आठ शेक चुकलेत त्यांचे. आम्ही त्यांना फोन केला तर रोहण्याला भावाकडे आहे म्हणाल्या. कधी येणार आहेत?"

मयुरीनं दोनदा विचारलं. दोन्हीदा आठच. कोणता शेवटचा झाला? पंधरावा. तिच्या भाषणाच्या आदल्या शुक्रवारचा.

स्कूटी कशी चालवली ते तिचं तिला माहीत. कांताबाई आजही दहा वाजता ऑटोनं निघाली होती. रोज निघायची, एक वाजता परत यायची. मग जायची कुठं? दवाखान्यातच जायची. औषधांच्या खिडकीसमोरच्या बाकावर, मांडीवर फाइल घेऊन, ती बसलेली सापडली. लेकीला पाहून ती दचकली नाही. उलट सुटल्यासारखा श्वास सोडला.

"आई, हे काय करून राह्यली तू?" मयुरी ओरडलीच. आजूबाजूचे लोक बघायला लागले, तिला पर्वा नव्हती. "आठ दिवस! मरायचं आहे का तुला?"

"मले मराचं नाई, म्हणून तं रोज येतो. आज जाऊ, आज जाऊ म्हणतो. पाय उचलत नाई बाई." कांताबाईनं फाइल छातीशी धरली. "तूच सांगितलं न विहारात, का स्वतः तपासा? मी तपासलं."

"काय तपासलं?"

"ते शेक देणारं पोट्टं मले झोपवते, रेघा जुळवते आन् पळत बाहेर जाते. हातभर जाड दार लावते. मी एकटी आत. पंधरा दिवस पाह्यलं. तू बोलायच्या आधी शुक्रवारी मी त्याले विचारलं, बाबू, तू काऊन बाहेर पळतं? तं हासून म्हणे, आजी, माह्यं लगन व्हायचं हाय, लेकरंबाळं व्हायची हायेत अजून." तिचा आवाज चिरकला. "मंग रविवारी तू म्हनलं, ते कण आरपार जाते, भिंत पाहत नाई, अंग पाहत नाई. आन् हे मशीन त्याचीच बहीण. मले वाटलं, माह्या अंगात किती भरले असतीन ते? घरी चार महिन्यांचं लेकरू हाय. मी त्याले मांडीवर घेतो, त्याचे मुके घेतो. माह्यं काय, मी म्हातारी. पण त्याचं?"

मयुरी खाली बसली, त्याच बाकावर. मोठ्या मशीनला घाबरणाऱ्या चारशे माणसांना तिनं समजावलं होतं, आणि धाकट्या मशीनखाली रोज झोपणाऱ्या एका माणसाला विचारायचंच ती विसरली होती. तिनं स्वतःला मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या ते लिहिण्यासारखं नाही.

मग तिनं समजावलं. या वेळी हळू, हात धरून. तो पोरगा दिवसाला पन्नास माणसांना शेक देतो, वर्षानुवर्षं. आत थांबला तर रोजचा तो मार त्याच्या अंगावर साचत जाईल. तुला फक्त पंचवीस, तेही रोगावर नेम धरून. आणि मशीन बंद झालं की संपलं. दिवा विझवल्यावर खोलीत उजेड उरतो का? तसं. तुझ्या अंगातून बाळाला काही जात नाही. कांताबाई सगळं ऐकत होती, मान हलवत होती. पण हे समजावणं आठ दिवस आधी व्हायला हवं होतं.

डॉक्टरीणबाईंनी आवाज चढवला नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी फाइल मिटली आणि म्हणाल्या, "मधे इतका खंड पडायला नको होता. या रोगाला तेवढी सवड मिळते. उरलेले दहा देऊ, वर थोडे वाढवू. पण आधी जी खात्री दिली होती, ती आता देता येणार नाही." मयुरीनं टक्के विचारले. तिला आकडे लागतात. डॉक्टरीणबाईंनी ते सांगितले, आणि ते ऐकून ती पहिल्यांदा रडली.

बाहेर आल्यावर कांताबाई म्हणाली, "उद्या घेतो मी शेक. पण माह्यी एक अट हाय. उद्या लेकराले घेऊन येजो. मी त्या दारातून बाहेर आली का लगेच, तुह्या हातानं माह्या मांडीवर ठेवजो. मंग मानतो मी."

"ठेवीन," मयुरी म्हणाली. "हजारदा ठेवीन."

रोशनीनं आढेवेढे घेतले नाहीत. ती दहावीपर्यंत शिकलेली, रत्नदीपला फोन करून विचारावं असंही तिला वाटलं नाही. सकाळी तिनं बाळाला नवं झबलं घातलं, कपाळाच्या कडेला काजळाचा ठिपका लावला आणि ऑटोत बसली.

शेक देणारा पोरगा, नीलेश त्याचं नाव, कांताबाईला पाहून खजील झाला. त्याला मयुरीनं कालच सगळं सांगितलं होतं. "आजी, मी मजाक केला होता वं," तो म्हणाला. "माफ करा मले." कांताबाईनं त्याच्या गालावरून हात फिरवला आणि आत जाऊन झोपली. नीलेशनं रेघा जुळवल्या. मग तो बाहेर आला, या वेळी पळत नाही, मुद्दाम सावकाश चालत. ते जाड दार सरकत सरकत बंद झालं. छोट्या पडद्यावर मयुरीला आई दिसत होती: पाठीवर झोपलेली, मुठी आवळलेल्या, ओठ हलत असलेले. काय म्हणत होती ते ऐकू येत नव्हतं. बहुतेक त्रिशरण असावं. मशीन तिच्याभोवती फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं.

मयुरीच्या कडेवर बाळ होतं. ते तिच्या कानातल्याशी खेळत होतं, लाळ गाळत होतं, आणि त्याच्या डोक्याला तेलाचा वास येत होता.

दार उघडलं. कांताबाई हळूहळू चालत आली, बाहेरच्या खुर्चीवर बसली, पदर सारखा केला, आणि तिनं दोन्ही हात पुढे केले. अकरा दिवसांत पहिल्यांदा. तिचा चेहरा असा झाला होता की कुणी पाहू नये, इतकी भूक होती त्यात.

मयुरी वाकली. आणि तिचे हात थांबले.

का थांबले? तिला सगळं माहीत होतं. मशीन बंद झालं होतं, त्या बाईच्या अंगात काही म्हणजे काही उरलेलं नव्हतं, हे ती पाठ्यपुस्तकातून शिकली होती आणि तिनं दरवर्षी पोरांना शिकवलं होतं. पण ते जाड दार नुकतंच उघडलं होतं, आणि बाळाचं डोकं तिच्या हाताखाली ऊन लागत होतं, आणि हात तिला न विचारता थांबले. एक श्वास, तेवढाच. पुढच्या श्वासाला ते पुन्हा पुढे निघालेसुद्धा.

कांताबाईनं तो एक श्वास पाहिला. तिनं आपले हात मागे घेतले आणि पदराखाली नेले.

"आई! आई, तसं नाही. ऐक ना, मी..." मयुरी बाळ पुढे करत राहिली, शब्द अडखळत राहिले. "काहीच नाही होत, मला माहीत आहे, शपथ, आई, घे ना त्याला!"

रोशनीनं एका झटक्यात बाळ तिच्याकडून ओढून घेतलं आणि सासूच्या मांडीवर ठेवायला गेली. "घ्या आत्याबाई. मले नाई भेव वाटत."

कांताबाई खुर्चीतून उठली आणि दोन पावलं मागे सरकली. रागावली नव्हती ती. आवाजही अगदी साधा, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा होता.

"उद्या येतो मी. नऊ राह्यले न, ते पुरे करतो. वरचेही घेतो, डॉक्टरीण म्हणन तितके. पण लेकराले आता आणू नका." आणि रोशनी पुन्हा पुढे झाली तेव्हा तिनं मान हलवली. "नाई रोशनी. तुले माया हाय, म्हणून तू देतं. हे शिकलेली हाय. हिले माहीत हाय."