कागदापुरती भिंत

आमच्या कारखान्याच्या मधोमध जी भिंत आहे, ती माझ्या हुशारीची. आम्ही बिजागऱ्या बनवतो. सरकार लहान कारखान्याला स्वस्त वीज द्यायचं, मोठा झाला की सवलत बंद. आमचा पसारा वाढायला लागला तशी मी भिंत घातली आणि पलीकडचा अर्धा भाग धाकट्या भावाच्या नावावर केला. एकाचे दोन लहान कारखाने झाले. पाती माझ्याकडे कापायची, भिंतीतल्या दारातून पलीकडे न्यायची, पिन त्याच्याकडे बसवायची. तपासनीसही गालातल्या गालात हसून गेला.

शेजारच्या देशात उलटा कारभार. तिथलं सरकार मोठ्यांनाच जमीन देतं, बंदरापर्यंत रस्ता बांधून देतं, वर विचारतं, अजून मोठे कधी होणार? आमच्या सरकारचा हातही आमच्या डोक्यावर होता, पण असा जड की मान वर होईना. त्यांच्या बिजागऱ्या आमच्याच बाजारात आमच्याहून स्वस्त विकायला लागल्या, तेव्हा आमच्या सरकारला जाग आली. आता मदत फक्त मोठ्यांना. आणि आम्ही एवढी खटपट करून लहान होऊन बसलेलो!

भिंत पाडली तर वाचणार होतो. धाकट्याला म्हणालो, "उद्या गवंडी बोलावतो."

त्यानं आपल्या बाजूला रंग दिलाय, दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावलीय. हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या नीट लक्षात आलं.

"दादा, इकडे मला सगळे साहेब म्हणतात. भिंत पडली की मी परत धाकटा."

"अरे, कागदापुरती होती ती!"

"तुझ्यासाठी."

माझं डोकं सटकलं. "अक्कल गहाण टाकलीस का? दोघंही बुडू!"

"बुडू. पण मी माझ्या कारखान्यात बुडेन," असं म्हणून त्यानं दार लावून घेतलं. कडी त्याच्या बाजूला आहे. तीही मीच बसवली, तपासणीत त्याचा कारखाना स्वतंत्र दिसावा म्हणून.

तेव्हापासून माझ्याकडे नुसत्या पात्यांचा ढीग साचतोय. पिनेशिवाय बिजागरी म्हणजे पत्रा. आज न राहवून दार ठोठावलं.

"धाकट्या!"

पलीकडे पावलं वाजली, दाराशी येऊन थांबली. तो वाट बघतोय, हे मला कळतंय. एकच शब्द हवाय त्याला. साहेब. तो माझ्या जिभेवर येतो, आणि माझं तोंड काही उघडत नाही.