छताचे चार इंच

ऑल्टा टॅकेटनं आयुष्यात 'मला ठाऊक नाही' असं कधी म्हटलं नव्हतं. तिसरीत शाळा सुटली, बापाच्या ट्रकवर गाद्यांच्या ढिगावर बसून ओक्लाहोमाहून कॅलिफोर्नियात आली, कापूस वेचला. पण ऑइलडेल गावात तिला अडाणी म्हणायची कुणाची छाती झाली नाही. पाद्र्याचं प्रवचन चुकलं तर ती त्याला दारातच गाठायची.

अशा बाईला नवऱ्यानं सकाळी विचारलं, "ऑल्टे, गार्लनच्या वेळी छत किती उतरवलं होतं गं?"

ती बीन्स निवडत होती. तिचा हात थांबला.

बत्तीस वर्षांत दोघांपैकी कुणीच घरात पोराचं नाव घेतलं नव्हतं. सोळाव्या वर्षी गार्लननं बापाबरोबर एकोणीसशे बत्तीस सालची जुनी फोर्ड उकरून काढली होती. दोघांनी ती कापली, छाटली, तिचं छत खाली उतरवलं, तिच्यात मोठं इंजिन बसवलं आणि शर्यतीला पळेल अशी हॉट रॉड केली. पुढे पोरगा लढाईवर गेला. व्हिएतनामहून शवपेटी आली ती बंदच. महिनाभर ऑल्टानं अंगणातली ती गाडी सोसली. मग एक दिवस ओडेल तेलविहिरीवर कामाला गेला असताना फ्रेस्नोचा कुणी माणूस विचारत आला, तर तिनं किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि दार लावून घेतलं. ओडेल संध्याकाळी आला. रिकाम्या जागी सांडलेलं तेल त्यानं पाहिलं, हात धुतले, जेवायला बसला. एक शब्द नाही. भांडला असता तर ती त्याला पुरून उरली असती. न भांडणाऱ्याशी काय करायचं?

आता ऐंशीव्या वर्षी तो तीच गाडी पुन्हा उभी करत होता. दोन वर्षं शोधून एका संत्र्याच्या मळ्यात तसल्याच फोर्डचा सांगाडा सापडला. घाई होती. डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, नाताळपर्यंत समोरचं दिसायचं बंद होईल, कडेकडेचं तेवढं राहील. त्याच्या आत त्याला त्या गाडीत बसून एकदा समोर बघायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं.

बाकी सगळं फोटोवरून जुळलं. फोटो एकच, तोही ऑल्टानं काढलेला. त्यात चाकं होती, दारं होती, इंजिन होतं, बापलेकांचे तेलकट हातसुद्धा होते. गाडीचं छत आणि दोघांची डोकी मात्र वरच्या वर उडाली होती. "कॅमेराच भिकार होता," असं ती पस्तीस वर्षं सांगत आली होती.

आणि छत किती खाली आणायचं, त्यालाच माप नव्हतं. त्या वेळी ओडेलनं पट्टी लावलीच नव्हती. पोराला सीटवर बसवलं, डोक्यावर फळी धरली, खडूनं रेघ मारली आणि खिडक्यांचे खांब तिथे कापले. गाडी अंगच्या कपड्यासारखी बेतलेली. आता अंग कुठून आणायचं?

तिनं खरं तर म्हणायला हवं होतं, मी तेव्हा स्वयंपाकघरात होते रे बाबा. पण बत्तीस वर्षांनी त्यानं विचारलं होतं. आईला विचारलं होतं.

"चार इंच," ती म्हणाली. "गार्लनच्या वेळी चार इंच उतरवलं होतं. मी बघत होते की."

"नक्की?"

"मला काय म्हातारचळ लागलाय तुझ्यासारखा?"

ओडेलनं मान हलवली आणि तो गॅरेजमध्ये गेला.

दुपारी शेजारचा विल्बर्न वेल्डिंगचं सामान घेऊन आला. "चार जास्त होतील रे," तो म्हणाला. "आधी तीन कापू, बसून बघू."

"ऑल्टानं सांगितलंय."

"मग संपलं. देवानं सांगितलं असतं तर वाद घातला असता."

ऑल्टा जाळीच्या दारामागे उभी होती. करवत सुरू झाली. आत्ता गेलं, थांबा म्हटलं, तर अजून थांबतंय, असं तिला पहिल्या खांबाला वाटलं. दुसऱ्यालाही वाटलं. मग छत उचलून खाली टेकवलं आणि निळा उजेड फडफडायला लागला, तेव्हा ती आत जाऊन उगाच ओटा पुसत बसली.

तिसऱ्या दिवशी गाडीत सीट बसली. ओडेल वाकून, कण्हत, एक पाय आधी घालून आत शिरला. बसला आणि त्याचं डोकं छताला टेकलं. मान खाली घातली तर हनुवटी छातीला लागली. आणि हा म्हातारा तर वयानं आक्रसलेला. गार्लन बापापेक्षा वीतभर उंच होता.

विल्बर्न टोपी काढून ती हातातल्या हातात फिरवत राहिला. "दुसरा सांगाडा बघू," तो म्हणाला.

"दोन वर्षं लागली हा मिळायला. ये, बाहेर काढ मला."

पण तो निघेना. गुडघा स्टिअरिंगखाली अडकला, पाठ धरली, छतानं वरून दाबलं. विल्बर्ननं काखेत हात घालून ओढलं तर ओडेल ओरडला. "माझ्या एकट्यानं नाही व्हायचं," असं म्हणून विल्बर्न गल्लीच्या टोकाला कुणी धडधाकट माणूस मिळतो का बघायला गेला.

ऑल्टा दुसऱ्या दारानं आत शिरली आणि शेजारी बसली. पत्र्याच्या गॅरेजमध्ये ऊन तापलं होतं. ओडेलच्या नाकावरून घाम ठिबकत होता. तो तिनं पदरानं पुसावा तसा एप्रनच्या टोकानं पुसला.

"मी बघत नव्हते," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात होते. आकडा तोंडाला आला तो ठोकून दिला."

"माहीत होतं मला."

"काय माहीत होतं?"

"तू कधी पाऊल टाकलंस इथे? ग्रीसचा वास येतो म्हणायचीस."

"मग मेल्या, कापलंस कशाला?" तिचा आवाज चढला. आयुष्यात इतका राग तिला आला नव्हता, आणि तो कुणावर काढायचा तेही कळेना.

 वाकलेल्या मानेमुळे ओडेल आपल्या मांड्यांशीच बोलत असल्यासारखा दिसत होता.

"तूही त्याचं नाव घेतलंस," तो म्हणाला. "गार्लनच्या वेळी, म्हणालीस. मग मला नाही म्हणवेना."

 ऑल्टानं समोर पाहिलं. ती बुटकी, तिला काचेतून फक्त गॅरेजचा पत्रा आणि त्यातलं एक खिळ्याचं भोक दिसत होतं. त्याला तेवढंही दिसत नव्हतं. नाताळनंतर तर समोरचं काहीच दिसणार नव्हतं, आणि यात तिला काडीचं काही करता येणार नव्हतं.

विल्बर्न टपालवाल्याला घेऊन आला. दोघांनी ओडेलचे पाय धरले.

"ओडेल, डोकं जरा खाली घाल."

"आणखी किती खाली घालू?"

"थोडंसंच. वहिनी, तुम्ही दाबा बरं."

ऑल्टानं नवऱ्याचं टक्कल दोन्ही हातांनी धरलं आणि खाली दाबलं.