‘कॅलस’ शब्दाचं पान

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. माझा पुठ्ठा निखळला आहे आणि पाठीला चिकटपट्टी लावलेली आहे. छापखान्यातून आलो तेव्हा माझ्या कोऱ्या पानांचा वास घ्यायला मुलं भांडायची, हे आता सांगूनही कुणाला खरं वाटणार नाही.

माझे मालक भाषांतरकार आहेत. लोकांचे अर्ज, तक्रारी ते इंग्रजीत करून देतात. त्यांची एक खोड आहे. कुणाला नावं ठेवणारा शब्द आला, की ते तो माझ्यात काढतात, अर्थ मोठ्याने वाचतात आणि गिऱ्हाइकाला विचारतात, "बसतो का?" या कामात माझा मोठा मान होता. हल्ली गिऱ्हाइकं फोनवरच अर्थ बघून येतात. मी पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर बसून असतो. आधी वाईट वाटायचं, आता तेही वाटेनासं झालं आहे.

परवा एक बाई आल्या. त्यांची आई इस्पितळात वारली होती आणि त्यांना तिथल्या नर्सविरुद्ध तक्रार द्यायची होती. तक्रारीने तिची नोकरी जाऊ शकते, हे त्यांना ठाऊक होतं.

"माझी लेक म्हणाली, कॅलस असं लिहा," बाई म्हणाल्या.

मालकांनी मला उघडून वाचलं, "कॅलस. निष्ठुर, निर्ढावलेला, दुसऱ्याच्या दुःखाने न द्रवणारा. केलं काय तिनं?"

"घड्याळ बघितलं, वेळ लिहिली. म्हणाली, पलंग रिकामा करावा लागेल."

"आणि तुम्ही?"

"मी पिशवी भरली. चादरीची घडी घातली. चादर त्यांचीच होती, तरी घातली." बाईंचा आवाज सपाट होता. "अजून डोळ्यांत टिपूस नाही. जाऊबाई म्हणाल्या, काळीज आहे का दगड? खरं सांगा, हा शब्द मलाच बसतो ना?"

मित्रांनो, तेव्हा मला बोलता यायला हवं होतं. मालकांनी मला फिरवून बाईंपुढे सरकवलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"दुसऱ्याच्या, असं लिहिलंय, ताई. तुमचं दुःख तुमचंच आहे. तुम्ही बधिर झालायत. त्याला निष्ठुर म्हणत नाहीत."

बाईंनी ती ओळ स्वतः बोट ठेवून वाचली. रडल्या नाहीत.

"त्या वॉर्डात रोजच कुणी ना कुणी जातं," शेवटी त्या म्हणाल्या. "ती काय बोलली तेवढंच लिहा. हा शब्द नको."

मित्रांनो, माझी पानं दुमडू नका, ओल्या हातांनी उलटू नका, एवढंच मी आजवर सांगत आलो. आता आणखी एक मागतो. कुणाला निष्ठुर म्हणायच्या आधी त्याच्याजवळ बसा आणि काय झालं ते विचारा. त्या बाई तो शब्द नर्ससाठी म्हणून घेऊन आल्या, पण मनात तो स्वतःलाच लावून बसल्या होत्या, आणि तोवर त्यांना कुणी काहीच विचारलं नव्हतं.