मी गोगलगाई पाळल्या नाहीत

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही. लाकडाला कसला आलाय राग, असं तुम्ही म्हणाल. खोटा आळ आला की कोणालाही राग येतो. मग तो लाकडाचा असो की हाडामांसाचा.

माझं तारुण्य कोरड्या जागेत गेलं. एका बुकबाइंडरच्या दुकानात आम्ही दोन फळ्या होतो, एकाच खोडातून कापलेल्या. नवी शिवलेली पुस्तकं आमच्या मधे ठेवायची, वरून स्क्रू आवळायचा, की दुसऱ्या दिवशी ती ताठ होऊन बाहेर यायची. बाइंडर हात पुसल्याशिवाय आम्हाला शिवत नसे. खळीचा थेंब सांडला तर आधी ओल्या फडक्याने टिपायचा, मग कोरड्याने.

बाइंडर गेला, दुकान बंद झालं. त्याच्या मुलीने आणि मुलाने घर वाटून घेतलं. मागच्या बागेत पुरुषभर उंचीची भिंत उभी राहिली. एक फळी मुलीकडे गेली, एक मुलाकडे. मुलीला सगळे ताई म्हणतात. तिने तीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरी धुतल्या. मुलगा तिच्याहून धाकटा. साठी आली, टक्कल पडलं, तरी तो अजून बाळ्याच. दोघांत भांडण नव्हतं, चढाओढ होती. तिच्या मिरच्या आधी लागल्या, तर याच्या मिरच्या जास्त तिखट असायच्या. मी ताईच्या पलंगाखाली बारा वर्षं धूळ खात हे ऐकत होते.

मग बाळ्याच्या मुलीने, छकुलीने, मोठ्या रस्त्यावर सँडविचचं दुकान काढायचं ठरवलं.

"आत्या, मला रोज ताजं लेट्यूस लागणार," ती म्हणाली. "बाबा लावतायत. तूही लाव. ज्याचं चांगलं येईल, त्याचं मी घेईन."

पोरगी हसत बोलली आणि निघून गेली. इकडे दोन म्हातारी माणसं पेटली.

ताईने चार ओळी लावल्या. रोपं वीतभर झाली आणि एका सकाळी पानांची चाळण झालेली दिसली. मातीवर चकचकीत, चिकट रेघा. पाठीवर घर नसलेल्या गोगलगाई तुम्ही पाहिल्या असतील, बोटाएवढ्या, करड्या, ओल्या. ताईने अंड्यांच्या टरफलांचा चुरा पसरला. त्या त्यावरून आरामात गेल्या. राख टाकली, पाणी घातल्यावर ती वाहून गेली. मग तिने दोन शहाण्या गोष्टी केल्या. संध्याकाळी पाणी घालणं बंद करून ती सकाळी घालू लागली, म्हणजे रात्री माती कोरडी राहील. आणि मला बाहेर काढलं.

दोन खड्यांवर टेकवून तिने मला ओळींच्या मधे पालथं ठेवलं. खाली तेवढाच एक ओला तुकडा. रात्रभर चरून झालं की गोगलगाई उन्हाच्या भीतीने माझ्याखाली येऊन लपत. सकाळी ताई मला उचलायची, चिमट्याने एकेक वेचून साबणाच्या पाण्यात टाकायची आणि माझी खालची बाजू खरवडून पुन्हा ठेवायची. ज्या अंगावर कधी खळीचा डाग राहिला नाही, त्या अंगावर आता शेंबडासारखा चिकटा. पण मी कुरकुर केली नाही. पहिल्या दिवशी एकोणीस निघाल्या. आठवड्याने चार.

"शाबास गं," ताई मला थोपटून म्हणाली. पानं भरू लागली होती.

दहाव्या दिवशी पहाटे माझ्यावर काहीतरी पडलं. टप्. मग पुन्हा टप्. भिंतीवरून पिवळा रबरी हातमोजा घातलेला एक हात आला, उघडला आणि परत गेला. माझ्या अंगावर तीन गोगलगाई वळवळत होत्या.

हा बाळ्या! आपल्या वाट्याच्या फळीखाली गोळा झालेलं सगळं लटांबर रोज आमच्याकडे भिरकावत होता. आणि स्वतःशी पुटपुटत काय होता? "जीव मारवत नाही बुवा आपल्याला." अरे वा! जीव मारवत नाही, पण बहिणीची बाग मारवते! मित्रांनो, मला तोंड असतं तर त्या दिवशी मी सगळी गल्ली जागी केली असती.

ताईच्या चिमट्यात पुन्हा पंधरा येऊ लागल्या, मग पंचवीस. ती चक्रावली. शेजारचे निवृत्त मास्तर कुंपणापाशी आले, चष्मा सरकवून म्हणाले, "ताई, फळी ठेवलीत म्हणजे तुम्ही त्यांना बंगलाच बांधून दिलात. वाढणार नाहीत तर काय?"

झालं. बत्तीस वर्षं फळ्यावर खडू घासणाऱ्या माणसाला लाकडाबद्दल जे कळलं, ते ताईला पटलं.

"कृतघ्न मेली," ती मला म्हणाली. मला! लाथ मारून तिने मला उलथवलं आणि कचऱ्याच्या ढिगावर फेकलं. दगडावर आपटून माझं उजवं टोक चिरलं. त्याच दुपारी तिने गोगलगाई मारायच्या निळ्या विषारी गोळ्यांचा डबा विकत आणला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती डबा घेऊन ओळींत वाकली. झाकण उघडलं, तेवढ्यात तिच्या मानेवर एक गोगलगाय पडली. टप्. ताईने मान झटकली, वर पाहिलं. पिवळा हातमोजा भिंतीवरच होता.

"बाळ्या!"

हात गडप झाला.

"हातमोजा दिसला मला! वर ये. तोंड दाखव!"

बाळ्याचं टक्कल हळूहळू भिंतीवर उगवलं. "ताई, ते... मला जीव मारवत नाही गं."

"म्हणून माझ्या मानेवर सोडतोस? महिनाभर मी वेड्यासारखी वेचतेय रे! बिचाऱ्या फळीला लाथ घातली मी!"

बिचाऱ्या! एवढं तरी म्हणाली.

आरडाओरडा ऐकून छकुली फाटकातून आत धावली. दुकान दोन दिवसांनी उघडायचं होतं. तिने बापाचा हातमोजा पाहिला, मग आत्याच्या हातातला डबा घेऊन वरची अक्षरं वाचली. तिचा चेहरा लाल झाला.

"आत्या, हे टाकून पिकवलेलं मी गिऱ्हाइकांना खायला घालणार होते?"

"अजून एक गोळी टाकली नाही गं, शपथ."

"टाकणार तर होतीस! आणि बाबा, तुम्ही? मी दुकान काढतेय, तुमच्या कुस्तीचा आखाडा नाही. मला दोघांचंही एक पान नको."

ती गेली. दुकान बाजारातल्या कोबीवर उघडलं. भिंतीच्या दोन्ही बाजूंचं लेट्यूस उंच वाढून फुलावर आलं आणि कडू झालं.

चार दिवसांनी बाळ्या आला. भिंतीवरून नाही, फाटकातून. हातमोजे नव्हते.

"चिमटा दे," तो म्हणाला.

"जीव मारवत नाही ना तुला?"

"नाही मारवत. पण त्या माझ्या आहेत. मीच मारायला हव्यात."

तो उकिडवा बसला. पहिली गोगलगाय साबणाच्या पाण्यात टाकताना त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं. ताईने मदत केली नाही. कमरेवर हात ठेवून ती नुसती उभी होती. "त्या पानाखाली बघ. हं, डोळे मीट आणि टाक." ऊन वर येईपर्यंत तो वेचत राहिला. मग त्याने विचारलं, "फळी कुठाय?" ताईने दुसरीकडे बघत ढिगाकडे बोट दाखवलं.

त्या दोघांनी नव्या ओळी लावल्या, दोन्हीकडे. विषाचा डबा दुकानदाराला परत गेला. बाळ्या आता रोज सकाळी आधी त्याच्याकडची फळी उचलतो आणि मग येऊन मला. बोलणं मोजकंच होतं. दीड महिन्याने छकुली आली. एकेक पान उजेडात धरून तिने पाहिलं आणि एक टोपली भरून घेतली.

"उद्या दोन लागतील," एवढंच म्हणाली आणि वळली. बाळ्याने नाक पुसलं.

माझी माफी मात्र कोणी मागितली नाही. म्हणून तुम्हाला सांगते, मित्रांनो. फळी ठेवायची तर रोज उचला. उचलायचा आळस केलात, तर मी खरंच गोगलगाईंचं घर होईन, आणि तो दोष तुमचा असेल. रोज खरवडा, दुपारी थोडं ऊन दाखवा. आणि माझ्याखाली उद्या पंचवीस निघाल्या, तर मला लाथ घालण्याआधी जरा मान वर करून बघा.