एप्रिलमधलं जॅकेट

नवनाथनं सत्तेचाळीस वर्षांत स्वतःसाठी कधी स्वेटर घेतला नव्हता. साजगावच्या एका कारखान्यात एकवीस वर्षं तो लोखंड वितळवायच्या भट्टीवर होता. जानेवारीतल्या पहाटे पळसदरीहून मोटारसायकलवर नुसत्या शर्टात निघायचा. कुणी हटकलं तर म्हणायचा, "तिकडं जाऊन भाजायचंच हाय, वाटंत जरा गार राहू दे."

गेल्या दिवाळीच्या आधी तो कारखाना बंद पडला. सहा महिने नवनाथ घरच्या शेतात राबला, पण दीड एकरात दोन माणसांना पुरेल एवढं काम नव्हतं, आणि त्याची बायको नम्रता ते एकटीच उरकत आली होती. मग तिच्या धाकट्या भावानं, गजानं, एक काम सांगितलं. चौक गावाच्या पुढं जुन्या हायवेला लागून एक कोल्ड स्टोरेज होतं. आइस्क्रीम, मटार, मासळी असं काय काय तिथं उणे अठरा अंशांत ठेवलेलं असे. गजा तिथं चार वर्षं होता.

"दाजी, काम अवघड नाय," गजा म्हणाला. "वीस मिनटं आत, दहा मिनटं बाहेर. खोकी लावायची न् काढायची."

शुक्रवारी तिथल्या साहेबानं नवनाथला नुसतं बघायला म्हणून आत नेलं. दाराशी खुंटीवर कंपनीची जॅकेटं टांगलेली होती, दोन पाळ्यांतली माणसं आलटून पालटून घालायची ती. त्यातलं एक नवनाथला मिळालं. त्याची शिवण उसवलेली होती आणि चेन अर्ध्यावरच अडकत होती. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा बाजूला सारून ते आत गेले, आणि पाचव्या मिनिटाला नवनाथचा जबडा वाजायला लागला. त्यानं दात आवळून धरले तर खांदे उडायला लागले. बाहेर आल्यावर साहेबानं त्याच्याकडं बघितलं, चिडून नव्हे, पण नीट बघितलं.

"इथली जॅकेटं जुनी झालीत," साहेब म्हणाला. "सोमवारी येताना आतून घालायला स्वतःचं एखादं चांगलं घेऊन या. आणि झेपणार नसेल तर आत्ताच सांगा, त्यात काही वाईट नाही."

"झेपंल," नवनाथ म्हणाला.

पण घरी येईस्तोवर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. ते कापरं फाटक्या जॅकेटामुळं भरलं, की एकवीस वर्षं आगीसमोर उभं राहून आपल्या अंगाला थंडी सोसायची सवयच उरली नाही? जॅकेटाचा दोष असेल तर नवं घेऊन भागेल. अंगाचा असेल तर काय घ्यायचं? नम्रताला त्यानं एवढंच सांगितलं की जॅकेट आणायला कर्जतला जायचंय.

रविवारी सकाळी दोघं कर्जतच्या बाजारात गेली. ऊन दहा वाजताच डोळ्यांवर येत होतं. गोपाळकृष्ण या ओळखीच्या म्हाताऱ्या गृहस्थांचं तिथं कापडाचं जुनं दुकान होतं. डोंगर चढायला येणाऱ्या शहरी पोरांसाठी गेली काही वर्षं ते जॅकेटंही ठेवत होते. त्यांनी माळ्यावरून तीन काढून गादीवर पसरली.

पहिलं काळं, चकचकीत, टोपीला केसाळ झालर असलेलं. हातात घेतल्यावर मनगट खाली जावं इतकं जड. दुसरं खाकी, पुढं सहा खिसे, आतून मऊ अस्तर. तिसरं निळं, आडवे आडवे फुगवटे असलेलं, आणि वजनाला काहीच नाही. गोपाळकृष्णांनी ते मुठीत दाबून एका छोट्या पिशवीत कोंबून दाखवलं आणि पुन्हा बाहेर काढलं, तसं ते हळूहळू फुगत गेलं.

"घालून बघा," ते म्हणाले.

नवनाथनं काळं घातलं. कपाळावरून घामाची धार नाकाच्या शेंड्यावर आली.

"कसं वाटतंय?" नम्रतानं विचारलं.

"गरम."

मग खाकी घातलं. तेही गरम. निळं घातलं. तेही तितकंच गरम. पंखा वर फिरत होता आणि नवनाथ खाली उभा राहून निथळत होता.

"तिन्ही गरमच हायती," तो म्हणाला. "ह्यातलं जास्त गरम कुठलं?"

गोपाळकृष्ण हसले. "नवनाथराव, खरं सांगू का? नऊ वर्षं मी हा माल विकतोय. यातलं एकही अंगात घालून मी कधी थंडीत गेलेलो नाही. लोक म्हणतात निळं चांगलं. लोक काळंही नेतात."

नवनाथनं गजाला फोन लावला. गजा म्हणाला, जड असंल ते घ्या, हलकं काय कामाचं. शेजारी दोऱ्या आणि विजेऱ्या बघत उभ्या असलेल्या एका शहरी मुलीनं न विचारताच सांगितलं की एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा पातळ पातळ तीन कपडे घाला. नम्रता म्हणाली, "निळं लगेच मळंल. काळं घ्या. केवढं भरीव हाय बघा." आणि लगेच पुढं म्हणाली, "पण त्या झालरीला मासळीचा वास धरंल."

नवनाथनं काळं उचललं, ठेवलं. निळं उचललं, ठेवलं. हाताला वजन हवं होतं. वजन असलं की काहीतरी पदरात पडल्यासारखं वाटतं. पण शुक्रवारचं कंपनीचं जॅकेटही काही हलकं नव्हतं, हे त्याला आठवत होतं. लोखंड पांढरं कधी होतं, लाल कधी पडतं, ते त्याला नजरेनं कळायचं. ह्या तीन कपड्यांसमोर मात्र तो नुसता गोंधळून उभा होता.

"मी जरा लिंबू सरबत पिऊन येतो," तो म्हणाला.

समोरच्या सरबताच्या गाडीवर जितेश नावाचा माणूस बर्फ फोडत होता. लादी भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली होती. नवनाथ ग्लास हातात धरून त्या गोणपाटाकडं बघत राहिला.

"किती वेळ टिकतो रं हा?"

"सकाळी सातला आणलेला हाय," जितेश म्हणाला. "नीट झाकला तर संध्याकाळपत्तूर पुरतो. उघडा ठेवला तर तासाभरात पाणी."

नवनाथला भट्टीचं दार आठवलं. त्या दाराला आतून पांढऱ्या लोकरीसारखी एक गादी लावलेली असायची. बोटभर जाडीची, हातात घेतली तर कापसासारखी हलकी. तिच्या एका बाजूला आग आणि दुसऱ्या बाजूला माणूस. ती फुगलेली असेपर्यंत दाराजवळ उभं राहता यायचं. दबून चपटी झाली की बदलायला लागायची, मग तिचं वजन तेवढंच का असेना. आग आत कोंडून ठेवायला जे लागतं तेच गारवा बाहेर ठेवायलाही लागणार, एवढं तर त्याला कळत होतं. अंगावर घालून ह्या उन्हात काही समजणार नव्हतं. पण बर्फाला समजलं असतं.

त्यानं जितेशकडून बर्फाचे तीन तुकडे मागितले, शक्य तेवढे सारखे. प्रत्येक तुकडा दोन-दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून घेतला आणि दुकानात आला.

गोपाळकृष्णांना आधी ते पटेना. "अहो, माल ओला होईल."

"दोन पिशव्या हायती, काका. गळली तर ते जॅकेट मी घेईन."

"आणि तिन्ही गळल्या तर?" नम्रतानं विचारलं. नवऱ्याला ऊन लागलं की काय, अशी शंका तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. नवनाथनं एकेक तुकडा एकेका जॅकेटात ठेवला, बाह्या वरून गुंडाळल्या आणि तीन गाठोडी ओळीनं मांडली. नम्रता भाजी घ्यायला निघून गेली.

गिऱ्हाईक नव्हतं. गोपाळकृष्णांनी त्याला स्टुलावर बसवलं. "एवढा विचार करून जॅकेट घेणारा माणूस पहिल्यांदाच बघतोय," ते म्हणाले. "नोकरी नवी आहे का?"

नवनाथ आधी नुसतं हो म्हणाला. मग जे बायकोला सांगितलं नव्हतं ते त्याच्या तोंडून बाहेर पडलं. शुक्रवारी पाच मिनिटं निघाली नाहीत. दात वाजले. साहेबानं बघितलं.

"जॅकेट फाटकं व्हतं म्हणून झालं का माझ्यातच काय राह्यलं नाय, तेच कळंना," तो म्हणाला. "जॅकेट चांगलं घेतलं आन् तरीबी कापरं भरलं, तर मंग काय म्हनायचं?"

गोपाळकृष्ण गाठोड्यांकडं बघत म्हणाले, "ते मला नाही सांगता येणार. पण वाईट जॅकेट घालून गेलात तर तुम्हालाही कधी कळणार नाही."

पाऊण तासानं त्यांनी गाठोडी सोडली. काळ्यातल्या पिशवीत अर्ध्याच्या वर पाणी होतं. खाकीत त्याहून कमी. निळ्यातला तुकडा कडेला थोडा गोल झाला होता, बाकी जवळजवळ तसाच.

नवनाथ खूश झाला तेवढ्यात नम्रता मेथीची जुडी घेऊन आली. तिनं पिशव्या वर धरून बघितल्या.

"तुकडे सारखे व्हते का पन?"

"जितेशनं सारखेच दिले."

"त्यानं डोळ्यानं दिले का तोलून? आन् निळं तुमी चारदा गुंडाळलंय. काळं जाड म्हनून एकदाच."

हे खरं होतं. नवनाथ पुन्हा बर्फ घेऊन आला. या वेळी जितेशनं समोरच्या भाजीवालीच्या काट्यावर तुकडे तोलून दिले, आणि आता त्यालाही काय निघतं ते बघायचं होतं. गाठोडी नम्रतानं बांधली, तिन्ही एकसारखी. पाऊण तासानं काळं पुन्हा हरलं. पण खाकी आणि निळं बरोबरीत निघाली. नम्रताला खाकीतला तुकडा मोठा वाटला, गोपाळकृष्णांना निळ्यातला.

"झाली का पंचाईत," नम्रता म्हणाली.

दुपारचा दीड वाजला होता. नवनाथच्या डोक्यात पुन्हा तोच गुंता. एकदा निळं, एकदा बरोबरी. काळं नाही, एवढं नक्की, आणि हात अजून काळ्याकडंच जात होता. शेवटी त्यानं खाकी आणि निळं दोन्ही मुठीत दाबून सोडून बघितली. खाकी दबलं ते बराच वेळ दबलेलंच राहिलं. निळं लगेच वर आलं.

"हे द्या," तो म्हणाला. "बरोबर का चूक ते आतमधी गेल्यावर कळंल."

मोटारसायकलवर घरी येताना नम्रता मागून म्हणाली, "शुक्रवारी कायतरी झालं ना तिथं? त्या रात्री न् काल दुपारी तुमी जेवायला बसलात आन् दोन्ही येळा ताट तसंच ठेवलंत."

तेव्हा त्यानं तिलाही सांगितलं. रेल्वेचं फाटक लागलं होतं, तिथं थांबल्यावर तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि फाटक उघडेपर्यंत तो तसाच राहू दिला.

सोमवारी नवनाथनं निळं जॅकेट आतून घातलं आणि वरून कंपनीचं, पण मोठ्या मापाचं, म्हणजे आतलं दबणार नाही. गजा शेजारी होता. पट्ट्या सारून ते आत गेले. पाच मिनिटं झाली. छाती गरम होती, पाठ गरम होती. खोकी एकावर एक चढत गेली. दहाव्या मिनिटाला त्याचे गुडघे लटपटायला लागले आणि बोटं जागेवर आहेत की नाहीत ते समजेना. म्हणजे दोष अंगाचाच. तरी तो थांबला नाही. वीस मिनिटं झाल्याची घंटा वाजली तेव्हा हातातलं खोकं नीट ठेवूनच तो बाहेर आला.

बाहेर मोजणी करायला बसलेली पारू, पन्नाशीची बाई, त्याच्याकडं बघत होती.

"छाती कशी हाय?" तिनं विचारलं.

"छाती गरम हाय. पाय गेले."

"जाड मोजे घातलेत का?"

नवनाथनं खाली बघितलं. बुटात नेहमीचे पातळ मोजे होते. जॅकेटाच्या नादात पायांचा विचार कुणालाच सुचला नव्हता, त्याला नाही, गजाला नाही, नम्रतालाही नाही.

"पयल्या दिवशी हा तुझा गजा बाहेर येऊन रडला व्हता," पारू म्हणाली. "सांगितलं का तुला त्यानं?"

गजा दुसरीकडं बघायला लागला. "रडलो नाय. डोळ्यातनं पाणी येत व्हतं," तो म्हणाला.

"किती दिवस लागतात सवय व्हायला?" नवनाथनं विचारलं.

"कुनाला आठ, कुनाला महिना. एक जण तर दोन वर्सं झाली तरी कापतोय, पन येतो रोज."

दहा मिनिटांची सुट्टी होती. नवनाथ जॅकेट न काढताच पायरीवर उन्हात जाऊन बसला. हायवेवरून गाड्या जात होत्या, डांबर तापून वास येत होता, आणि ते ऊन त्याला चक्क बरं वाटत होतं. हे नेमकं काय होतंय ते त्याला कळत नव्हतं. जॅकेट बरोबर निघालं होतं असं म्हणावं तर गुडघे अजून थरथरत होते. आपण कामातून गेलो म्हणावं, तर वीस मिनिटं निघाली होती. पारूनं आपल्या पिशवीतून लोकरीच्या मोज्यांचा एक जोड काढून त्याच्या मांडीवर टाकला.

"उद्या धुऊन आन," ती म्हणाली.

त्यानं बूट काढले आणि मोजे चढवले. आतून घंटा झाली तशी गजानं हाक मारली. नवनाथ उठला, निळ्याची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि पट्ट्यांच्या पडद्याकडं चालायला लागला.